दोन प्रती ठेवू नयेत

मी, शरदिनी यज्ञेश्वर टोकेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, वाराणसी, पूर्वीचा व्यवसाय मुलींच्या शाळेत गणित शिकवणे, आज माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी न थांबता दोनापर्यंत आले. माझ्या मागोमाग मोजताना डॉक्टर पासष्टावर अडकले. तरी दाखला त्यांनी मला द्यायचा असतो, मी त्यांना नाही, कारण कायदा तसा आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असे माणूस या घरात कधी निपजले नाही.

हात कापत असल्यामुळे हे मी टॅबवर टाइप करते आहे आणि मग छापून त्यावर सही करणार आहे. माझ्या मुलाने, शार्दूलने, बसवून दिलेल्या फोल्डरातच हे ठेवते आहे, कारण दुसरीकडे कुठे ठेवता येते ते मला माहीत नाही. हे यंत्र दर मिनिटाला आपणहून सांगते की सर्व काही जतन झाले. मी विचारलेले नसते. काम न करता हजेरी सांगत सुटणाऱ्या मुली माझ्या वर्गातही असत.

१. यापूर्वी पतीच्या हयातीत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळी व्यवस्था माझे दीर देवदत्त यांच्या देखरेखीखाली ठेवली होती. तेव्हा पती समोर बसले होते, म्हणून सही केली.

२. घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गंगेकडे खिडकी असलेली वरची खोली, माझ्या पश्चात शार्दूलचे होईल. देवदत्त पुण्याहून दर दिवाळीला फोन करून, "वहिनी, ती वरची खोली तेवढी आमच्यासाठी असू द्या हो, म्हातारपणी काशीवास करू म्हणतो," असे म्हणतात. त्यांना काशीत चार दिवसांवर राहिले की पाण्याचा त्रास होतो. खोली त्यांना मिळणार नाही. त्यांची एक काळी छत्री पंचवीस वर्षे आमच्या दाराआड आहे, ती त्यांनी घेऊन जावी. काड्या दोनच मोडल्या आहेत.

याचे कारणही लिहून ठेवते, नाहीतर लोक मला लोभी म्हणतील. पती गेल्यावर झालेल्या शोकसभेत देवदत्त उठून म्हणाले की दादांचे अक्षर मोत्यासारखे होते, यजमानांच्या नामावळीच्या वह्या पाहिल्या की कळते. वह्यांतले अक्षर माझे आहे. एक्केचाळीस वर्षे मी त्या वह्या लिहिल्या. यज्ञेश्वरशास्त्री थोर असतील, पण त्यांनी लिहिलेली वाण्याची यादी वाण्याला वाचता येत नसे. यजमानांपुढे वही उघडली की ते मान किंचित झुकवून स्तुती स्वीकारत आणि मी आतून चहा आणत असे. देवदत्तांना हे सर्व ठाऊक होते, कारण शाई तेच आणून देत.

३. बँकेतली ठेव आणि जे काही असेल ते शार्दूलला. तिथे वारस म्हणून त्याचे नाव लावलेले आहे, त्यामुळे यावर अधिक शाई घालवत नाही.

४. सून मालविका हिला माझ्या नऊवारी साड्या, तांब्याचे घंगाळ आणि पुरणयंत्र. ती पुरण विकत आणते हे मला माहीत आहे. पुरणयंत्र कोणाला देऊन टाकावे, पण घंगाळात झाड लावू नये. नोएडातल्या तिच्या एका मैत्रिणीच्या घरी मी तसे पाहिले आहे.

५. माझा मोबाइल आणि हा टॅब. ही दोन यंत्रे कोणाला द्यावीत याचा मी पुष्कळ विचार केला. माझे शत्रू फार नाहीत. शेवटी ठरवले की ती शार्दूलनेच न्यावीत. पण ती कशासाठी आली आणि त्यांनी काय केले हे आधी सांगितले पाहिजे, आणि या मृत्युपत्राचे खरे कारण तेच आहे.

आमचे घराणे तीर्थोपाध्यायांचे. नाशिक, नगर, खानदेशाकडची घराणी काशीला आली की आमच्याकडे उतरत. कोण आले, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणते गाव, कोणाचे श्राद्ध केले, हे नामावळीच्या वहीत लिहायचे आणि खाली त्यांची सही घ्यायची. अशा चौदा वह्या होत्या आणि त्यांत सातशेच्या वर घराणी. पती गेल्यावर विधी दुसरे गुरुजी करू लागले, पण नाव शोधून देणे माझ्याकडेच राहिले. साठीचा माणूस आपल्या पणजोबांची सही बोटाने चाचपून पाहतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. मला देवाधर्माचे फार नाही. मला त्या चेहऱ्यांचे होते.

वही जीर्ण झाली की तिची नक्कल करायची. नक्कल झाली की दोघांनी बसून ताडायची, एकाने जुनी वाचायची, दुसऱ्याने नवीवर बोट ठेवायचे. ताडून झाली की त्याच दिवशी जुनी वही नावेतून नेऊन गंगेला द्यायची. माझे सासरे वेणीमाधवपंत यांचा या बाबतीत कडक नियम होता की घरात दोन प्रती ठेवू नयेत. पूर्वी एकदा दोन्ही वह्या घरात राहिल्या, एका भावाने हिच्यात नोंदी केल्या, दुसऱ्याने तिच्यात, आणि येवल्याच्या एका मुलाला दोन वेगवेगळे आजोबा मिळाले. तेव्हापासून हा नियम. मी या घरात आल्यावर पुष्कळ नियमांना हसले, या एकाला कधी हसले नाही. तो गणितासारखा स्वच्छ होता.

पतीनंतर माझा हात कापू लागला. वह्यांना पुराची ओल आणि वाळवी दोन्ही लागले होते. तेव्हा शार्दूल सोळा दिवसांची रजा काढून आला आणि त्याने चौदा वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. प्रत्येक पानाला गावाचे नाव दिले. मला हा टॅब आणून दिला आणि म्हणाला, आता सगळे क्लाउडमध्ये आहे. मी विचारले, म्हणजे कुठे. म्हणाला, कुठेतरी मोठ्या शेडमध्ये, थंड हवेत ठेवलेल्या यंत्रांत. शेडला ढग म्हणणाऱ्यांच्या हाती त्याने सातशे घराण्यांचे पूर्वज सोपवले होते.

आम्ही ताडायला बसलो. मी वही वाचली, त्याने पडद्यावर बोट ठेवले. एकही चूक नव्हती. हे मी नाइलाजाने लिहिते. मग मी म्हटले की नावाडी श्रीरामला नाव घाटाला लावायला सांग. शार्दूल म्हणाला, "आई, रहने दो ना. असू देत वह्या. ट्रंकेत पडून राहतील." मी त्याला आजोबांचा नियम सांगितला. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा सांगितला. माघी पौर्णिमेला पंचगंगा घाटासमोर मधल्या धारेत चौदाही वह्या मी माझ्या हाताने सोडल्या. तो नावेच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला होता. अडतीस वर्षांचा माणूस मुलासारखा रुसला, असे मला तेव्हा वाटले. या चौदांखेरीज चालू वही तेवढी कागदावर राहिली, तिच्यात शेवटची पाच-सहा वर्षे आहेत.

त्यानंतर काही महिने बरे गेले. गावाचे नाव टाइप केले की पान समोर येई. पितृपक्षात तर मी दिवसाला वीस-वीस घराणी शोधून दिली. लोक टॅबला नमस्कार करत. लोकांना नमस्कार करायला काहीही चालते.

६. आता मुद्द्याचे. शार्दूलने माझ्या मोबाइलवरही तेच फोल्डर बसवले होते. मोबाइलवर ठेवले की टॅबवर दिसते, टॅबवर ठेवले की मोबाइलवर. याला सिंक होणे म्हणतात. त्याने मला ते दोनदा समजावले. मी दोन्ही वेळा मान हलवली, कारण मुलाकडून तिसऱ्यांदा समजावून घेणे मला मान्य नव्हते.

पितृपक्षाची गर्दी सरल्यावर मोबाइल सारखा सांगू लागला की जागा संपत आली. मी पाहिले तर सगळी नामावळी मोबाइलवरही होती आणि टॅबवरही. म्हणजे घरात दोन प्रती होत्या. मी दोन दिवस बेचैन होते. मग दहा ऑक्टोबरला सकाळी स्नान केले, मोबाइल पाटावर ठेवला, त्यावर तुळशीचे पान ठेवले, बाजूला पळीभर पाणी सोडले आणि मोबाइलवरची नामावळी पुसली. यंत्राने काहीतरी विचारले. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. ते दिवसातून दहा वेळा काहीतरी विचारते, आणि चष्मा देवघरात होता. मी हो म्हटले.

त्याच वेळी ती टॅबवरूनही गेली. आणि त्या शेडमधूनही. मी टॅब उघडला नाही, कारण कार्तिकभर मी तापाने अंथरुणाला खिळले होते.

७. मार्गशीर्षात सिन्नरहून एक कुटुंब आले. मी सिन्नर टाइप केले आणि फोल्डर रिकामे निघाले. मोबाइलही रिकामा. शार्दूलला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी नोएडाहून हजर झाला. दोन तास यंत्राशी बसला. पुसलेले तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहते आणि मग कायमचे जाते, असे त्याने सांगितले, आणि तीस दिवस केव्हाच होऊन गेले होते. मी विचारले की गेले कसे. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, माझ्याच हातून काहीतरी चुकले असेल.

घाटाच्या पायऱ्यांवर, शेजारच्या अन्नपूर्णा गर्दे आणि नावाडी श्रीराम यांच्या समोर, मी त्याला म्हणाले, "तू तुझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलंस." मी असेही म्हणाले की त्या फोल्डरातून स्वतःचे नाव काढून टाक, माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नकोस. तो हो म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन येतो. मी घेत नाही. मग तो अन्नपूर्णेला फोन करून माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. घाटावर आजही सांगतात की शास्त्रीबुवांच्या मुलाने नामावळी बुडवली. मी अन्नपूर्णेला म्हणाले होते की त्याला पाठीचा कणा नाही, असता तर बापासारखा एकदा तरी उलटून बोलला असता.

८. फेब्रुवारीत मी मोबाइलवरून हिंगाच्या डबीचा एक फोटो पुसला. टॅब शेजारी उघडा होता. माझ्या डोळ्यांदेखत डबी टॅबवरूनही नाहीशी झाली.

मी पाटावर बसले. पाणी, तुळस, चष्मा, सगळे एका ओळीत समोर आले. चौतीस वर्षे गणित शिकवणाऱ्या बाईला एवढे उत्तर काढायला अडीच महिने लागले.

म्हणून मी शपथेवर लिहून ठेवते की नामावळी मी पुसली. वह्या मी बुडवल्या आणि त्यांचे फोटोही मी पुसले. शार्दूलचा यात काडीचा दोष नाही. त्याने थांबवायला पाहिले, मी थांबले नाही. फेब्रुवारीपासून आज नऊ महिने हे मला ठाऊक आहे आणि मी त्याला सांगितलेले नाही. दर रविवारी फोन वाजतो, मी तो वाजू देते. ज्या मुली उत्तर चुकल्यावर शेजारणीकडे बोट दाखवत त्यांना मी वर्गाबाहेर उभे करत असे. मला उभे करणारे कोणी नाही.

९. माझ्या तेराव्याला, घाटाच्या त्याच पायऱ्यांवर, कलम आठ मोठ्याने वाचून दाखवावे. देवदत्तांनाही बोलवावे. मेल्यावर कबूल करणे हा भेकडाचा मार्ग आहे. मी तोच घेते. जिवंतपणी त्याच्या तोंडाकडे पाहून हे बोलणे मला जमणार नाही.

१०. मार्चपासून मी एक नवी वही लिहिते आहे. नक्कल करताना मी प्रत्येक नाव मनातल्या मनात म्हणत असे, त्यामुळे पुष्कळ आठवते. आजवर दोनशे बारा घराणी झाली. अक्षर वाईट आहे. जिथे आठवत नाही तिथे जागा सोडली आहे. ही वही, उतरते मेज आणि शाईची दौत शार्दूलला. आलेल्या यजमानांना विचारून त्याने रिकाम्या जागा भराव्यात. या वहीचा फोटो काढू नये.

११. साक्षीदारांना काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून श्रीरामला समई मिळणार नाही, तिच्याकडे पाहणे त्याने बंद करावे. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम तेच दोघे निवडले आहेत ज्यांच्यासमोर मी शार्दूलला बोलले. त्यांनी मात्र हे न वाचता सही करावी.

१२. हे कलम मृत्युपत्र पुरे झाल्यानंतर लिहीत आहे. आज सकाळी अन्नपूर्णा आणि श्रीराम सहीसाठी येऊन बसले. छापायला पाठवण्यापूर्वी मी शेवटचे वाचायला घेतले. कलम सहाच्या खाली, मी न टाइप केलेला मजकूर होता. तो जसाच्या तसा इथे ठेवते.

"आई, दहा नाही, चौदा ऑक्टोबर. सकाळी नऊ चाळीस, तुझ्या मोबाइलवरून. कुठल्या मशीनवरून काय पुसलं ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. मी डिसेंबरमध्ये आलो तेव्हाच पाहिलं. राहू दे. गुडघ्याला तेल लावत जा."

त्याने फोल्डरातून नाव काढलेले नव्हते. माझे एकेक कलम नोएडात त्याच्या पडद्यावर उमटत होते. छत्रीसुद्धा. आणि पायऱ्यांवर मी त्याला बापाचा मारेकरी म्हणत होते तेव्हा उत्तर त्याच्या खिशात होते. एक ओळ दाखवली असती तर मी दोन माणसांसमोर खाली मान घातली असती. म्हणून त्याने ती दाखवली नाही. याला मी कणा नसणे म्हणाले होते.

मला रडू आले. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे.

मृत्युपत्रात दुसऱ्याचे अक्षर असू नये, असे वकील म्हणतील. वकिलांनी म्हणावे. मी कलम आठ दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. अन्नपूर्णा पदराने डोळे पुसत म्हणाली की अहो ताई, दर रविवारी तो मला आधी विचारायचा, आई रागावलेली आहे की दमलेली. श्रीरामने मोबाइल उचलून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाला, "त भइया के फोन लगावा, माताजी."

फोनवर मला बोलता आले नसते. मी इथेच, याच पानावर, टाइप केले की शार्दूल, केव्हा येतोस. आम्ही तिघे पडद्याकडे पाहत बसलो. कोणी हात लावला नसताना अक्षरे एकामागून एक उमटली. "उद्या सकाळी. नामावळीचा कागद घेऊन येतो. तू सांग, मी लिहितो."

त्याचे अक्षर बापावर गेले आहे. कोणालाही वाचता येणार नाही. तरी लिहू देईन.

सबब कलम नऊ रद्द, कारण ते काम आज उरकले. कलम अकरामधील न वाचता सही करण्याची अट रद्द. कलम दहामधील शेवटचे वाक्य रद्द. कलम सहामधील तारीख चौदा ऑक्टोबर अशी वाचावी. देवदत्तांची छत्री कायम.

सही: शरदिनी यज्ञेश्वर टोकेकर

साक्षीदार:
१. अन्नपूर्णा गर्दे, राहणार शेजारचे घर. पूर्ण वाचून सही केली.
२. श्रीराम साहनी, नावाडी, पंचगंगा घाट. पूर्ण ऐकून सही केली.

स्थळ: बालाजी घाट, वाराणसी
दिनांक: सोळा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस

या मृत्युपत्राच्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे आणि एक शार्दूलकडे. दोन्ही ठेवाव्यात.